मोठा भाऊ आत गेला का?

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू मधेच विचारलंस, अजून दर रविवारी चर्चला जातोस का रे, आणि मी हं हं करून टाळलं कारण समोर केंद्रप्रमुख बसलेले आणि पोषण आहाराच्या तांदळाचा हिशोब चाललेला. तर जातो. गळा नाही म्हणून गाणाऱ्यांत घेत नाहीत, पण शास्त्रपाठाची, म्हणजे बायबलातला उतारा सगळ्यांपुढे वाचायची, पाळी सारखी माझ्यावरच येते. आमच्या मंडळीत मास्तर दिसला की त्याला वाचायला उभं करायचं हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय.

खरं सांगू का, देवावर विश्वास वगैरे मला नंतर कळलं, आधी कळलं ते वाचन. आमची आजी शाळेत गेलेली नाही. चर्चमधल्या बायकांच्या वर्गात अक्षरं शिकली तीही नातवंडं झाल्यावर, आणि मग रोज संध्याकाळी ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचायची, एकच ओळ दोनदा तीनदा, मधेच थांबून "असं का म्हणाला असंल गं हा?" असं कुणालाच न विचारता विचारायची आणि पुढे जायची. उत्तर मिळालं नाही म्हणून तिचं काही अडलं नाही.

आमच्या नगरला ही वाचायची खोड तशी जुनीच. मिशनचं ज्ञानोदय नियतकालिक निघालं १८४२ मध्ये, ते इथूनच. अमेरिकन मिशनच्या फॅरारबाईंची मुलींची शाळा जोतीरावांनी इथंच पाहिली आणि मग १८४८ ला पुण्यात काय झालं ते तुला मी सांगायला नको. मिशनवाल्यांना पोरी शिकवायच्या होत्या त्या बायबल वाचावं म्हणून, त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण एकदा वाचायला आलं की माणूस काय वाचेल यावर कुणाचा ताबा राहतोय? मला तर ही गोष्ट फार आवडते. तिकडे केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, छपाईचं काम त्यांच्या मुक्ती मिशनमधल्याच बायकांनी केलं. ज्यांना घरादारानं टाकलं होतं त्या बायका टाइप जुळवतायत, विचार कर.

आणि टिळक. ना. वा. टिळक रे, आपले केवढे हे क्रौर्यवाले. १८९३ ला नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या माणसाने त्यांना नवा करार दिला आणि वाचाल असं वचन घेतलं. ना चमत्कार ना आकाशवाणी, डब्यात पुस्तक मिळालं, वाचत वाचत येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून ते सुटेचना. १८९५ मध्ये बाप्तिस्मा. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगायचे, म्हणून स्टाफरूममध्ये कुणी विचारलं की तुम्ही ख्रिश्चन असून तुकोबा एवढा रंगून कसा शिकवता, तर मी टिळकांकडे बोट दाखवून मोकळा होतो. २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला फादर दिब्रिटो अध्यक्ष झाले, त्यांना विरोधही झाला, तेव्हा "तुमचेच ना ते" असं म्हणत सगळे माझ्याचकडे आले. ते वसईचे कॅथलिक आम्ही नगरचे प्रोटेस्टंट, पण स्टाफरूमला त्याचं काय!

वर्गात मी बायबलातलं काही सांगत नाही हे तुला माहितीये. सरकारी पगार घेतो, पोरं सगळ्या घरांतली, ते बरोबरही नाही. पण आजीची ती खोड वर्गात आलीच. यंदा तिसरी आहे माझ्याकडे. सरकारच्या निपुण भारत अभियानाच्या हिशोबाने तिसरीच्या पोराने मिनिटाला साठ शब्द तरी समजून वाचायला हवेत, म्हणजे मोबाईलवर घड्याळ लावायचं आणि मोजायचं. मोजू नये असं मी म्हणत नाही, मोजलं नाही तर कोण मागे राहिलंय हे कळतच नाही. पण एक पोरगा आहे, आईबाप ऊसतोडीला जातात, दिवाळीनंतर तोही जातो आणि परत येतो तेव्हा अर्धं विसरलेला असतो. घड्याळ लावलं की त्याच्या कपाळाला घाम. त्या दिवशी घड्याळ न लावता भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट वाचायला दिली. बोट ठेवून, अडखळत, सगळी वाचली त्याने. मग म्हणाला, "सर, वाघाला आता भोपळा कळलाय ना, मग पुढच्या वर्षी म्हातारी लेकीकडं जाणारच नाय का?"

वर्ग गप्प. एक जण म्हणाला दुसऱ्या रस्त्याने जाईल, एक म्हणाली लेकच येईल, आणि तास संपला तरी भांडण चालूच. मी स्वाध्यायातला "या गोष्टीवरून काय बोध मिळतो" घेतलाच नाही. त्या प्रश्नाचा मला आता राग येतो रे, पोराने अजून गोष्ट नीट पाहिलेलीही नसते आणि आपण म्हणतो काढ तात्पर्य.

आमच्या पाळकसाहेबांशीही माझं यावरूनच वाजतं. बायबलातली उधळ्या पुत्राची गोष्ट तुला माहितीये, धाकटा सगळं उडवून परत येतो, बाप धावत जाऊन गळ्यात पडतो, मेजवानी. उपदेश तिथंच संपतो, पश्चात्ताप करा, आमेन. पण ती लिहिणाऱ्या लूकने गोष्ट तिथं संपवलेलीच नाही. मोठा भाऊ शेतावरून येतो, आतून गाण्याबजावण्याचा आवाज, आणि तो दारातच अडून बसतो, मी इतकी वर्षं राबलो मला एक करडू नाही. बाप बाहेर येऊन समजूत घालतो. आणि संपलं. तो आत गेला की नाही, काही लिहिलेलंच नाही! शास्त्रपाठाला हा भाग आला की मी शेवटच्या ओळीनंतर जरा जास्तच वेळ थांबतो, पाळकसाहेब खाकरतात. मी घरातला थोरला, त्यामुळे मला त्या भावाचं जास्तच लागतं, आणि माझा विश्वास किती पक्का असं कुणी विचारलं तर मी त्याच्याच शेजारी दारात उभा आहे एवढंच प्रामाणिकपणे सांगता येईल. आतलं ऐकू येतंय, आवडतंयसुद्धा.

बरं, तुझा मुलगा वाचत नाही म्हणालास. झोपताना तूच वाच त्याला मोठ्याने, दहा मिनिटं, आणि वाचून झाल्यावर त्याला काहीही विचारू नकोस, काही म्हणजे काहीच नाही. विचारायचं असेल तर तो विचारेल.

दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांना घेऊन ये. आणि माझं स्मृतिचित्रे तुझ्याकडेच आहे, वहिनी वाचतायत हे कारण आता चालणार नाही, त्यांना नवी प्रत घेऊन दे.

तुझा,
मास्तर