जमा केला एकदाचा

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र येऊन दोन महिने झाले आणि मी ढिम्म. रागावली असशील. पण परवा मध्यरात्री ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमाचा पोर्टफोलिओ जमा केला, काल दिवसभर झोपले आणि आज पहिलं काम म्हणून तुला लिहायला बसलेय.

तू विचारलंस, शोधनिबंधापेक्षा पोर्टफोलिओ सोपा पडतो का? मीही त्याच समजुतीत तो पर्याय घेतला होता. दोन वर्षांचं काम पडलंच आहे, ते गोळा करायचं, वर चार ओळी लिहायच्या, झालं! प्रत्यक्षात गोळा करतानाच घाम फुटला. लॅपटॉपवर 'अंतिम', 'अंतिम-२', 'अंतिम-खरंच' अशा नावांच्या फायली. ग्रंथालयशास्त्राची विद्यार्थिनी म्हणवते, जगाच्या पुस्तकांच्या नोंदी करते आणि स्वतःच्या घरात हा उकिरडा. शेवटी आपलीच विद्या आपल्यावर चालवली. डब्लिन कोअर आठवतं ना, कुठल्याही साहित्याची नोंद करायचा पंधरा घटकांचा साचा, १९९५च्या कार्यशाळेतून निघालेला? त्यातले सहा घेतले: शीर्षक, कर्ता, सहभागी, दिनांक, विषय, हक्क. एका तक्त्यात एकतीस कामं बसवली. 'सहभागी' हा रकाना भरताना लक्षात आलं की त्यातली नऊ कामं गटातली आहेत, आणि दोनांत माझा वाटा म्हणजे मुखपृष्ठ नि संदर्भसूची एवढाच! ती दोन मुकाट्याने काढली. उरलेल्या सातांना 'यातलं माझं काय' अशी चार-पाच ओळींची टीप जोडली आणि गटातल्या प्रत्येकाला विचारून घेतलं. तू हे आधीच कर. ऐन वेळी कोणी फोन उचलत नाही.

आमच्याकडे चौदा क्षमता, म्हणजे ग्रंथपालाला यायलाच हव्यात अशा गोष्टी, दिल्या होत्या. प्रत्येकीसाठी ती कशी कमावली याचं एक निवेदन आणि दोन-तीन पुरावे, म्हणजे आपण केलेली कामं. पहिली तीन निवेदनं मी झपाट्याने लिहून काढली आणि स्वतःवरच खूश झाले. मार्गदर्शक बाईंकडून परत आली तेव्हा समासात, जवळजवळ प्रत्येक परिच्छेदापाशी, एकच शेरा होता: 'बरं, मग?' फार लागलं गं. दोन दिवस फाईल उघडली नाही. मग पुन्हा वाचलं तर खरंच होतं ते. 'मी अमुक प्रकल्प केला, त्यात तमुक साधन वापरलं, खूप शिकायला मिळालं.' काय शिकायला मिळालं, त्याचा पत्ताच नाही.

मग अनुभवावर मागे वळून विचार करायचं गिब्जचं चक्र हाताशी घेतलं, १९८८चं. वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, पुढची कृती. सहा पायऱ्यांचे सहा मथळे पाडले आणि फॉर्म भरावा तसं भरत गेले. तेही फसलं. अर्धं पान वर्णनच खायचं, आणि 'भावना'खाली दर वेळी 'सुरुवातीला दडपण आलं होतं'. सहा पायऱ्या मनात असाव्यात, कागदावर दिसू नयेत, असं माझं मत झालंय. त्यापेक्षा विचारवंत डोनाल्ड शोनने १९८३मध्ये केलेला फरक मला जास्त उपयोगी पडला: काम चालू असताना केलेला विचार वेगळा आणि काम संपल्यावर मागे वळून केलेला वेगळा. हे दोन्ही ज्या प्रसंगात सापडले, तिथेच माझं निवेदन उभं राहिलं.

एक सांगते. संदर्भसेवेच्या, म्हणजे वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं शोधून देण्याच्या, सरावात एक गृहस्थ आले, म्हणाले, "पाण्यावरची पुस्तकं कुठेत?" मी उत्साहाने त्यांना ड्यूई वर्गीकरणातला ६२८.१ हा वर्गांक असलेल्या मांडणीपाशी नेऊन सोडलं, पाणीपुरवठा! दहा मिनिटांनी ते तसेच रिकाम्या हाताने दाराकडे निघाले. मी धावत जाऊन विचारलं, "नेमकं काय करायचंय तुम्हाला?" तेव्हा कळलं की घरच्या विहिरीच्या पाण्याने भांड्यांवर पांढरे डाग पडतात, त्याचं कारण त्यांना हवं होतं. माहितीशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट टेलर यांनी १९६८मध्ये माहितीच्या गरजेच्या चार पातळ्या सांगितल्या. चौथी म्हणजे माणूस ग्रंथालयाला झेपेल अशा बेताने मुरड घालून आणतो तो प्रश्न. परीक्षेत मी हे घोकून लिहिलं होतं. समोर चौथ्या पातळीचा प्रश्न येऊन उभा राहिला, तेव्हा मी त्याला वर्गांक दिला! हे सगळं निवेदनात जसंच्या तसं घातलं, त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असं काही न ठेवता. चौदांपैकी या एकाच निवेदनावर बाईंचा 'बरं, मग?' आला नाही.

तसंच पहिल्या सत्रातल्या तालिकीकरणाचं, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करण्याचं. एका संपादित ग्रंथाच्या संपादकाला मी लेखक करून ठेवलं होतं आणि नोंदीवर लाल रेघा होत्या. ती नोंद लपवायची की नाही यावर चार दिवस घालवले. शेवटी लाल रेघांसकट लावली आणि तिच्या शेजारी दीड वर्षानंतरची नोंद. नुसती चकचकीत नोंद लावली असती तर मी काय शिकले हे दिसलं कुठे असतं?

बाकी बारीकसारीक. पुराव्यांना नुसते दुवे देऊ नकोस, ते मेले कधी बंद पडतील सांगता येत नाही. माझ्या एका प्रकल्पाचं संकेतस्थळ सहा महिन्यांत गायब झालं, नशीब की प्रत ठेवली होती. पीडीएफ-ए या दीर्घकाळ टिकवण्यासाठीच्या स्वरूपात जतन कर, फॉन्ट आतच राहतात, म्हणजे परीक्षकाच्या यंत्रावर अक्षरांचे चौकोन होत नाहीत. प्रत्येक पुराव्यात कुठलं पान बघायचं तेही लिही. ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांतला रंगनाथनांचा १९३१चा चौथा नियम आपण तोंडपाठ म्हणायचो, वाचकाचा वेळ वाचवा. या वेळी वाचक म्हणजे रात्री अकरा वाजता सातवा पोर्टफोलिओ उघडून बसलेला परीक्षक. मी साठ पानांचा अहवाल अख्खा जोडला होता. आता त्यातली चारच पानं आहेत.

सजावटीवर मात्र वेळ घालवू नकोस. मी पूर्ण एक रविवार रंग निवडण्यात घालवला आणि शेवटी पांढऱ्यावर काळंच ठेवलं.

पुढच्या गुरुवारी सादरीकरण आहे, वीस मिनिटांचं. काल रात्री उठून आरशासमोर म्हणून पाहिलं तर चौतीस झाली. त्यातली अकरा त्या विहिरीवाल्या गृहस्थांची, मला तो प्रसंग आवरतच नाही. मंगळवारी रात्री फोन करते. घड्याळ घेऊन बस, आणि विसाव्या मिनिटाला मी कुठेही असले तरी तोड. दयामाया नको.

तुझीच