रिव्हर्सिंग व्हॉल्व्हच्या खोट्या दाव्याबाबत आणि त्याहून वाईट सल्ल्याबाबत

लातूर

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : वाफेच्या मॉडेल इंजिनासाठी घेतलेला रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह परत घेऊन पूर्ण रक्कम मिळणेबाबत

महोदय,

गेल्या महिन्यात ३,८५० रुपये भरून मी आपला रिव्हर्सिंग व्हॉल्व्हचा संच मागवला. ‘कोणत्याही लहान वाफेच्या इंजिनाला बसतो, दांडी वळवा, इंजिन उलटे फिरते’ असे खोक्यावर मोठ्या अक्षरात छापले आहे. बसतो, हे खरे आहे. माझे इंजिन मात्र त्याने उलटे फिरत नाही.

‘तुमचे फिटिंग चुकले असेल’ हे उत्तर मला फोनवर दोनदा मिळाले आहे, तिसऱ्यांदा नको. मी आयटीआयचा निवृत्त शिल्प निदेशक आहे, टर्नर ट्रेडचा. नळी कापून जोड लावणे मी पोरांना शिकवत आलो आहे.

दोष कुठे आहे ते सांगतो. आपला व्हॉल्व्ह फक्त एक काम करतो. दांडी वळवली की वाफ येण्याची नळी आणि वाफ बाहेर जाण्याची नळी यांची अदलाबदल होते. ज्या इंजिनाचे सिलिंडरच खिळीवर डुलते, त्या साध्या इंजिनाला एवढे पुरते. माझ्याकडे स्वतः बनवलेले असे एक जुने पितळी इंजिन आहे. त्याला आपला व्हॉल्व्ह जोडून पाहिला. सुलटे, उलटे आणि मध्ये दांडी ठेवली की बंद, तिन्ही चोख. माल वाईट आहे असे मी म्हणत नाही.

पण माझे मोठे इंजिन स्लाइड व्हॉल्व्हचे आहे. त्यात वाफ आधी पेटीत येते आणि तिथल्या सरकत्या व्हॉल्व्हला पाठीवरून दाबून बैठकीवर घट्ट धरते. वापरलेली वाफ त्याच व्हॉल्व्हच्या पोटाखालून बाहेर पडते. आपली दांडी वळवली की ताजी वाफ पोटाखाली शिरते आणि पाठीवरचा दाब जातो. मग व्हॉल्व्ह बैठकीवरून उचलला जातो, वाफ सिलिंडरच्या दोन्ही टोकांना एकदम पोचते आणि पिस्टन जागच्या जागी. फ्लायव्हील हाताने ढकलले तरी फुसफुस करून थांबते. टायरवाल्याकडून आणलेल्या हवेवरही हाच प्रकार झाला, म्हणजे बॉयलरचा काही संबंध नाही.

आता मुख्य तक्रार. आपल्या मदत क्रमांकावरील गृहस्थ म्हणाले, ‘प्रेशर कमी पडतंय काका, सेफ्टी व्हॉल्व्हची स्प्रिंग थोडी आवळून घ्या.’ मी पुन्हा विचारले, त्यांनी पुन्हा तेच सांगितले. साहेब, माझ्या बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ३ किलोला सुटतो, कारण त्याच दाबाचा हिशेब धरून तो तांब्याचा बॉयलर जोडला आहे. स्प्रिंग आवळणे म्हणजे कुकरच्या शिट्टीवर वरवंटा ठेवणे. आणि दाब वाढवून उपयोग काय? दाब जितका जास्त तितका व्हॉल्व्ह बैठकीवरून जोराने उचलणार! दुखणे वाढवणारे औषध आहे हे. माझ्या जागी नववीतला एखादा मुलगा असता तर त्याने ऐकले असते. इंजिनाशेजारी माझा नातू बसलेला असतो, म्हणून हे पत्र लिहितो आहे. नुसत्या पैशांसाठी लिहिले नसते.

लहानपणी आम्ही लातूर स्टेशनावर बार्शी लाईट रेल्वेची, अडीच फुटी रुळांवरची गाडी बघायला जायचो. ड्रायव्हर आत एक दांडा ओढायचा आणि तेच इंजिन मागे चालू लागायचे. तो दांडा वाफेचे नळ बदलत नव्हता, व्हॉल्व्हची वेळ बदलत होता. स्लाइड व्हॉल्व्हच्या इंजिनाला तेच करावे लागते. माझ्या इंजिनाची एक्सेंट्रिक, म्हणजे आसावरची व्हॉल्व्ह सरकवणारी चकती, क्रँकच्या १२० अंश पुढे आहे, उलट्या फेऱ्यासाठी ती १२० अंश मागे हवी. म्हणून एमआयडीसीत एका जुन्या विद्यार्थ्याच्या लेथवर एक्सेंट्रिक आसावर सैल केली आणि १२० अंशांनंतर पिनला अडेल अशी खाच घेतली. फ्लायव्हीलला हाताने उलटा झोका दिला की इंजिन आता उलटे चालते. दांडीचा डौल नाही त्यात, पण चालते. पितळेचा तुकडा आणि दोन चहा, एवढाच खर्च आला.

तरी माझ्या मागण्या अशा. ३,८५० रुपये आणि परत पाठवण्याचा खर्च मिळावा. ‘खोके उघडले की परत घेत नाही’ हे कारण सांगू नये, खोके न उघडता व्हॉल्व्ह जोडता येत नाही. खोक्यावर ‘फक्त डुलत्या सिलिंडरच्या इंजिनासाठी’ असे छापावे. आणि स्प्रिंग आवळण्याचा सल्ला चुकीचा होता हे मला लेखी कळवावे, ज्यांनी ज्यांनी तो फोनवर ऐकला असेल त्यांनाही कळवावे. ही शेवटची मागणी मी सोडणार नाही.

१५ दिवसांत उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने मला माझ्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही.

बिलाची प्रत आणि खोक्यावरील मजकुराचा फोटो सोबत जोडला आहे. व्हॉल्व्ह पुसून, तेल लावून मूळ खोक्यात ठेवला आहे. माणूस दुपारी चारनंतर पाठवावा.

आपला,
एक ग्राहक
(निवृत्त शिल्प निदेशक, टर्नर)