लाळेच्या नमुन्यावरून धावपटू ठरत नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दीर्घ पल्ल्याच्या धावपटूंच्या जनुकांवरचा आपल्या पुरवणीतला लेख आवडला. मूल कोणत्या प्रकारच्या खेळासाठी जन्मले आहे हे लाळेवरून सांगणाऱ्या जनुकीय चाचणीची शेवटी केलेली भलामण मात्र खटकली. मी मुलांना धावण्याचे प्रशिक्षण देतो. हल्ली काही पालक पहिल्याच दिवशी असा अहवाल पुढे करतात. गुळगुळीत कागद, हिरवे-लाल रकाने आणि खाली 'एन्ड्युरन्स' (म्हणजे लांब पल्ल्याचा दमसास) किंवा 'पॉवर' (म्हणजे वेग आणि ताकद) असा शिक्का. पोराने अजून मैदानाची एक फेरीही मारलेली नसते.

या शिक्क्यामागे हमखास असते ते एसीटीएन-३ हे जनुक. त्याच्या दोन्ही प्रती निकामी असतील तर वेगवान स्नायूतंतूंमधले एक प्रथिन तयारच होत नाही. अव्वल स्प्रिंटरमध्ये अशी माणसे क्वचितच आढळतात, हे खरे. पण म्हणून ती लांब पल्ल्याची ठरतात का? जगात अशी माणसे शंभर कोटींहून जास्त आहेत! क्रीडा जनुकशास्त्रातल्या तज्ज्ञांनी २०१५ मध्येच एकमताने सांगितले आहे की, गुणवत्ता हेरण्यासाठी अशा चाचण्यांचा उपयोग नाही.

जनुकांचा वाटा कोण नाकारतो? फिनलंडचा लांब पल्ल्याचा स्कीपटू (बर्फावर स्कीच्या शर्यती करणारा) एरो मॅन्टीरान्टा याने १९६० ते १९६८ या काळात सात ऑलिंपिक पदके मिळवली. रक्तात ऑक्सिजन वाहणारे त्याचे हिमोग्लोबिन इतके जास्त असे की लोक डोपिंगचा संशय घेत. १९९३ मध्ये उलगडा झाला. तांबड्या पेशी वाढवण्याचा ईपीओ या संप्रेरकाचा संदेश पेशीत जिथे झेलला जातो, तिथला ब्रेक लावणारा भागच जन्मतः तुटका होता. मात्र हाच बदल त्याच्या बऱ्याच नातेवाइकांतही निघाला, आणि त्यातले बहुतेक जण पदकांच्या वाटेला कधी गेलेच नाहीत.

'हेरिटेज' या गाजलेल्या अभ्यासात व्यायामाची सवय नसलेल्या कुटुंबांकडून वीस आठवडे एकसारखा सराव करून घेतला गेला. ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सरासरी मिनिटाला ४०० मिलिलिटरच्या आसपास वाढली. पण काहींची जेमतेम हलली, तर काहींची लिटरभर वाढली. या फरकात आनुवंशिकतेचा वाटा फार तर निम्म्याच्या आसपास निघाला. तोही असंख्य जनुकांत विखुरलेला. शिवाय २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ज्यांच्यात सरावाने सुधारणा दिसली नव्हती त्यांना आठवड्याला दोन सत्रे वाढवून दिली, तेव्हा सगळ्यांचीच क्षमता वाढली. आमच्या मैदानी भाषेत, डोस कमी पडत होता. 'तुझ्यात ते नाहीच' असे ऐकलेल्या मुलाला ती जादा सत्रे कोण देणार?

पुरवणीने या विषयावर पुन्हा लिहावे आणि चाचण्या विकणाऱ्यांना सरळ विचारावे: 'एन्ड्युरन्स'चा शिक्का मारलेल्या किती मुलांच्या बाबतीत तो पुढे खरा ठरला? त्याची आकडेवारी त्यांनी द्यावी, आपण ती छापावी.

आपला,
एक वाचक