डेन्व्हरच्या मतपत्रिकेवरचा एक प्रश्न

डेन्व्हर,
17 नोव्हेंबर 2024

प्रिय सुनील,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचा निकाल तुला कळला असेलच. परंतु त्याच मतपत्रिकेवर आम्हा डेन्व्हरकरांना आणखी एक प्रश्न विचारला होता आणि पालिका कामगारांच्या संघटनेत उभा जन्म घालवलेल्या तुला तो कळवल्यावाचून मला चैन पडेना. शहराच्या सुमारे 7,000 कर्मचाऱ्यांना संघटनेमार्फत वेतन व कामाच्या अटींविषयी वाटाघाटी करू द्याव्यात का, असा तो ‘2यू’ क्रमांकाचा प्रश्न होता.

तू म्हणशील, यात मतदान कसले? पण येथे 1935 चा कामगार कायदा खासगी उद्योगांपुरताच आहे, त्यामुळे पालिकेच्या नोकरांचे भवितव्य ज्या त्या राज्याच्या आणि शहराच्या नियमांवर अवलंबून राहते. डेन्व्हरमध्ये पोलीस व अग्निशमन दलाला हा हक्क पूर्वीपासून होता. कचरा उचलणाऱ्यांना आणि रस्ते दुरुस्त करणाऱ्यांना मात्र संघटनेचे सभासद होता आले, तरी त्यांच्याशी करार करण्याचे बंधन शहरावर नव्हते. ते घालायचे तर शहराची सनद, म्हणजे त्याच्या कारभाराचा मूळ कायदा, बदलावी लागते, आणि सनद मतदारच बदलू शकतात.

मतपत्रिका येथे टपालाने घरी येते. ती समोर ठेवून बसलो असता मला टेनेसी राज्यातले मेम्फिस शहर आठवले. 1968 च्या फेब्रुवारीत तेथे पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत शिरलेले दोन सफाई कामगार त्याच गाडीच्या यंत्रात चिरडले गेले, त्यानंतर सुमारे 1,300 जण संपावर गेले, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गेलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची 4 एप्रिलला तेथेच हत्या झाली. त्या कामगारांची एक प्रमुख मागणी संघटनेला मान्यता मिळावी, हीच होती. इतके मोल देऊन मागितलेली गोष्ट मी पेनाच्या एका खुणेने देऊ वा नाकारू शकतो, याने मी अस्वस्थ झालो.

‘त्यांचा पगार आपल्या करातून जातो,’ असे शेजारी म्हणाले. म्हणजे मालक आपणच, आणि मालकाने नोकराशी बोलायला बसावे, असे मी त्यांना सांगितले. प्रस्ताव मोठ्या मताधिक्याने मंजूर झाला, सुनील!

वाटाघाटी 2026 पासून सुरू व्हायच्या आहेत. त्याआधी कर्मचाऱ्यांना आपापली संघटना निवडावी लागेल. तुमच्या पहिल्या करारात गमबूट, हातमोजे आणि जादा कामाच्या भत्त्याची कलमे कशी घातली होती, ते सवडीने सविस्तर लिही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव