जहाजांच्या नोंदवह्या उतरवणाऱ्यांचे आभार

ज्यांची नावे आम्हांला ठाऊक नाहीत आणि बहुधा कळणारही नाहीत, अशा हजारो स्वयंसेवकांचे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून मनःपूर्वक आभार.

२०१० साली सुरू झालेल्या ‘ओल्ड वेदर’ उपक्रमात त्यांनी पहिल्या महायुद्धकाळातील ब्रिटिश नौदलाच्या, आणि पुढे आर्क्टिकमध्ये गेलेल्या अमेरिकी जहाजांच्या नोंदवह्या वाचून वायुदाब, तापमान, वाऱ्याची दिशा व जोर आणि समुद्रावरील बर्फ यांच्या नोंदी संगणकात उतरवल्या. शाई फिकटलेली, अक्षर घाईचे. तरी एकच पान अनेकांनी स्वतंत्रपणे वाचल्यामुळे पुष्कळ चुका गळून पडल्या. त्या अमेरिकी जहाजांतले ‘जेनेट’ हे जहाज १८७९ मध्ये बर्फात अडकले आणि १८८१ च्या जूनमध्ये चिरडून बुडाले. त्याच्या नोंदवह्या टिकल्या आणि आज वाचल्या गेल्या, हे मला फार मोठे वाटते.

कोकणाला त्याचे काय, असे कोणी विचारील. उपग्रह नव्हते त्या काळी भर समुद्रावरचा वायुदाब जहाजांखेरीज कोण मोजणार होते? अशा नोंदींवरूनच संशोधक जुन्या काळचे हवामान संगणकावर पुन्हा उभे करतात. आमच्या तांडेलांचे, म्हणजे होड्या हाकणाऱ्या म्होरक्यांचे, वाऱ्याचे ज्ञान बहुतांशी तोंडीच राहिले. त्यामुळे २०२० मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीच्या बागा आडव्या केल्या, तेव्हा पूर्वी असे कधी घडले होते, हे शोधताना लेखी नोंदींची किंमत कळली.

कसलाही मोबदला न घेता, रात्री उशिरापर्यंत जागून एकेक आकडा पारखणाऱ्या त्या सर्वांचे आम्ही ऋणी आहोत.