आयी, तुमचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे असं उघड पत्र

प्रिय आयी,

तुमचं नाव मला माहीत नाही. 2011 च्या नोव्हेंबरमध्ये लेकीला दत्तक घ्यायला आम्ही चीनला आलो तेव्हा हफेईच्या त्या सरकारी ऑफिसात आपण जेमतेम वीस मिनिटं भेटलो, त्यातला अर्धा वेळ मी रडत होते आणि उरलेला अर्धा वेळ तुम्ही, आणि नाव विचारायचं राहूनच गेलं. आमच्याबरोबर जी गाइड मुलगी होती ती एवढंच म्हणाली की ही हिची आयी. नंतर अनाथालयाला दोनदा पत्र टाकलं, एकदा काहीच उत्तर नाही, दुसऱ्यांदा कळलं की त्या बाई आता इथे कामाला नाहीत. मग आमच्या चायनीज शेजारणीने सांगितलं की अगं आयी हे नावच नाही, आमच्याकडे मावशी-काकूला, मुलं सांभाळणाऱ्या कुठल्याही बाईला आयी म्हणतात. मला ते ऐकून बराच वेळ काही सुचेना, कारण आम्ही मराठी माणसं, आमच्या कानाला आयी म्हणजे फक्त एकच बाई असते.

त्या दिवशी तुम्ही जांभळा स्वेटर घातला होता. लेक तुमच्या कडेवर होती, 22 महिन्यांची, तीन थर कपडे घातलेली, आणि तुमच्या स्वेटरचं वरचं बटण तिने मुठीत इतकं घट्ट धरलं होतं की ते सोडवताना तुम्हाला तिचं एकेक बोट उघडावं लागलं. तुम्ही ते घाईने नाही केलंत. करंगळीपासून सुरुवात केलीत, प्रत्येक बोट उघडल्यावर त्याच्यावर हलकेच फुंकर मारलीत, तिला तो खेळ वाटला असणार कारण ती हसली, आणि पाचवं बोट सुटलं तेव्हा ती माझ्याकडे आली होती. मग तुम्ही माझ्या हातात एक प्लास्टिकची पिशवी दिलीत. त्यात एक मऊ दाबायची बाटली, एक फडकं, अर्धा बिस्किटचा पुडा आणि वहीचं फाडलेलं एक पान, दोन्ही बाजूंनी चिनीत लिहिलेलं.

ते पान गाइडने आम्हाला हॉटेलवर वाचून दाखवलं. पेज घट्ट करा, पातळ केली तर नाकातून येते. नेहमी बसवून भरवा, आडवी करून नाही. दोन घास झाले की थांबा. जेवण झालं की दोन चमचे पाणी पाजा म्हणजे टाळूला अडकलेलं धुऊन जाईल. झोप येत नसेल तर डावा कान चोळा, उजवा नाही. मी ते सगळं इंग्लिशमध्ये फोनवर टाइप करून घेतलं आणि पुढचे आठ महिने, तिच्या टाळूचं ऑपरेशन होईपर्यंत, आमच्या घरात तुमच्याच नियमांनी जेवण झालं.

आयी, मला ज्यासाठी तुमचे आभार मानायचेत ते मला तेव्हा कळलंच नव्हतं. ते कळलं इथे न्यू जर्सीत, तिच्या फाइलमधला वजनाचा तक्ता डॉक्टरांसमोर ठेवला तेव्हा. तिचा ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेले होते. अशा बाळाला ओढून दूध पिताच येत नाही, तोंडात दाब तयार होत नाही, दूध नाकातून परत येतं, बाळ दमतं आणि उपाशीच झोपतं. आणि वजन वाढल्याशिवाय सर्जन ओठाला हात लावत नाहीत. डॉक्टरांचा एक जुना ठोकताळा आहे म्हणे, दहा आठवडे वय, दहा पौंड वजन आणि दहा हिमोग्लोबिन. म्हणजे साधारण साडेचार किलो. तिच्या तक्त्यात लिहिलं होतं, तिसऱ्या महिन्यात 3.1 किलो, पाचव्यात 4.6, सातव्यात 5.9 आणि त्याच महिन्यात तिकडेच ओठाचं ऑपरेशन. आमच्या डॉक्टरांनी त्या 3.1 वर पेन टेकवलं आणि विचारलं, हिला तेव्हा कोण भरवत होतं? मला उत्तर देता आलं नाही. ते म्हणाले, कोणीतरी दिवसातून सात-आठ वेळा हिला पाऊण-पाऊण तास घेऊन बसलेलं आहे, त्याशिवाय हा आकडा असा चढत नाही.

पाऊण तास गुणिले आठ. तुमच्याकडे ती एकटी नव्हती हे मला माहीत आहे. मी हा हिशोब रात्री स्वयंपाकघरात बसून किती वेळा केला असेल.

ऑपरेशनचे पैसे एका संस्थेने भरले, त्यांचे आभार मी तेव्हाच मानले, त्यांना पैसेही पाठवले, सर्जनचं नाव फाइलमध्ये होतं, त्यांनाही मेल केली. ऑपरेशनआधीचा आणि नंतरचा फोटो सगळेच बघतात ना, दान देणाऱ्यांनाही तोच दाखवतात. पण 3.1 ते 4.6 च्या मधले जे दोन महिने आहेत त्यांचा फोटो कुठेच नाही, आणि ते तुमचे आहेत.

हे तुम्हाला करता आलं कारण तुम्हाला तेवढा वेळ कोणीतरी दिला, हेही मला नंतर समजत गेलं. गाइड म्हणाली होती की तुमच्या अनाथालयात हाफ द स्काय या संस्थेचा कार्यक्रम चालतो. मी मग वाचत बसले. जेनी बोवेन नावाच्या अमेरिकन बाई, सिनेमाच्या धंद्यातल्या, त्यांनी 1997 मध्ये ग्वांगझोहून जवळपास दोन वर्षांची मुलगी दत्तक आणली, वर्षभर घरातली माया मिळाल्यावर ती कशी उमलली हे पाहिलं आणि त्यांच्या मनात आलं की हिला एवढंच हवं होतं तर मागे राहिलेल्यांना ते तिथल्या तिथेच का मिळू नये. 1998 मध्ये संस्था काढली आणि 2000 मध्ये पहिली दोन केंद्रं सुरू झाली, त्यातलं एक तुमच्याच हफेईत, दुसरं चांगझोला. ती संस्था आता वनस्काय म्हणून ओळखली जाते. जुनं नाव तुमच्याकडच्याच म्हणीवरून घेतलं होतं, बायकांनी अर्धं आभाळ तोलून धरलंय.

त्यांची कल्पना ऐकायला फार साधी आहे. गावातल्याच बायकांना कामावर घ्यायचं, त्यांना शिकवायचं, आणि एकेका बाईकडे मोजकीच बाळं द्यायची, रोज तीच बाळं, रोज तीच बाई. पण जिथे एका बाईकडे वीस-वीस पाळणे असतात तिथे बाटली उशीला टेकवून पुढच्या पाळण्याकडे जावंच लागतं, त्यात त्या बाईचा दोष नसतो, तिला दोनच हात असतात. टाळू फाटलेलं बाळ अशा बाटलीवर जगणं कठीण. म्हणून मला वाटतं की त्या देणग्यांनी खरं काय विकत घेतलं तर पाळणे नाही, खेळणी नाहीत, तुमचा पाऊण तास विकत घेतला. सरकारनेही हळूहळू ते मनावर घेतलं हे सांगायला पाहिजे. 2004 पासून अनाथालयातल्या मुलांच्या ऑपरेशनची सरकारी योजना आली, 2010 मध्ये अनाथालयातल्या प्रत्येक अनाथ मुलामागे महिना किमान 1000 युआन ठरले, आणि 2011 पासून अनाथालयांतल्या बायकांना शिकवायचं काम हाफ द स्काय सरकारी खात्याबरोबर मिळून देशभर करू लागली.

तुम्ही आधी कापडाच्या गिरणीत होतात, गिरणी बंद पडल्यावर इकडे आलात, हेही गाइडनेच सांगितलं. आयी, माझे वडील साताऱ्याहून येऊन लालबागच्या गिरणीत होते, 82 च्या संपात घरी बसले ते बसलेच. गिरणी सुटलेल्या माणसाच्या हाताचं काय होतं हे मी लहानपणापासून पाहिलंय. तुमच्या हातांना नंतर काय मिळालं तर माझी पोरगी.

आणि साताऱ्याचंच आणखी एक. आमच्याकडे दुसरी-तिसरी मुलगी झाली की तिचं नाव नकुसा किंवा नकोशी ठेवायचे, माझ्या एका चुलत आत्याचं होतं. ज्या वर्षी आम्ही लेकीला आणायला आलो त्याच 2011 मध्ये, महिनाभर आधीच, आमच्या जिल्ह्यात अडीचशेच्या वर नकोशींची नावं समारंभ करून बदलली. तुमच्याकडेही झाओदी असं मुलीचं नाव असतं, म्हणजे धाकट्या भावाला घेऊन ये, हे मला शेजारणीने सांगितलं तेव्हा मला काही नवल वाटलं नाही, मला ते लगेच समजलं. म्हणून मी कधीच कोणाला म्हणू देत नाही की चिनी लोक कसे मुली टाकतात बघा. तिला हॉस्पिटलच्या गेटपाशी ठेवणाऱ्या आईवर एकाच मुलाचा कायदा होता, आणि फाटलेल्या टाळूच्या ऑपरेशनचा खर्च होता, आणि गेट हॉस्पिटलचं निवडलं होतं तिने, नदी नाही, रान नाही. त्या आईबद्दल मी वाईट बोलणार नाही. हुनान प्रांतात बाळांची खरेदी-विक्री उघडकीला आली होती 2005 मध्ये, ते वाचल्यावर मी लेकीची कागदपत्रं परत परत तपासली, ती सापडल्याची पेपरात तिच्या फोटोसकट दिलेली जाहिरात, पोलिसांचा कागद, सगळं. लेकीने विचारलं तर ते सगळं तिच्यासमोर ठेवायचं असं आम्ही ठरवलंय आणि ठेवलंयही.

आता जे सांगायला मला सगळ्यात जड जातं ते सांगते. घरी आल्यावर पहिल्या रात्री ती उठून बसली आणि रडत ओरडली, आयीऽऽ. मला वाटलं मला हाक मारतेय. आम्ही हॉटेलवर आठवडाभर तिला शिकवत होतो ना, मी आई, हे बाबा. मी धावत गेले, तिला घेतलं, आणि ती माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत आयी आयी करत राहिली. मी नवऱ्याला म्हणाले ऐकलंस, आई म्हणाली. सकाळी सासूबाईंना फोन करून सांगितलं, पुण्याला माझ्या आईला सांगितलं, सगळ्यांनी देवापुढे साखर ठेवली. चार-पाच दिवसांनी ती शेजारीण भेटायला आली, तिच्या देखत पोरीने पुन्हा तसंच केलं आणि ती बिचारी हळूच म्हणाली, ही तिच्या आयीला शोधतेय.

तेव्हा मला तुमचा हेवा वाटला, खोटं नाही बोलत. नंतर तिच्या बालरोगतज्ज्ञांनी समजावलं की ही फार चांगली गोष्ट आहे, जे मूल कोणालातरी शोधतं त्याला माया लावता येते, आणि ते एकदा शिकलेलं मूल पुन्हा कोणाला तरी लावू शकतं. जी मुलं कोणालाच शोधत नाहीत त्यांची काळजी वाटते म्हणाले. म्हणजे तिने नंतर मला जी आई म्हटलं ती वाट तुम्ही करून ठेवली होतीत.

जेवतानाही असंच. चमचा तोंडाजवळ नेला की ती मान्मान मान्मान म्हणायची. आमच्यात बाळाच्या जेवणाला मंमं म्हणतात, मी खूश, की बघा कशी मंमं मागते. तर तो होता तुमचा शब्द, सावकाश, सावकाश. तुम्ही प्रत्येक घासाला म्हणत असणार. टाळू उघडी असल्यामुळे तिला म आणि न एवढंच नीट यायचं, पाणीला मानी म्हणायची, बाबाला मामा म्हणायची, त्याला आत कुठेतरी लागायचं पण तो ओ द्यायचा. ऑपरेशन झालं, मग दोन वर्षं स्पीच थेरपी, नाकाखाली आरसा धरून प म्हणायचं आणि आरशावर वाफ येऊ द्यायची नाही. चार वर्षांची असताना एका दुपारी खेळता खेळता ती म्हणाली, आई पाणी. प स्वच्छ, ण सुद्धा. मी ग्लास भरताना अर्धं पाणी ओट्यावर सांडलं. आणि बाबा रात्री घरी आला तेव्हा त्याला बाबा म्हणून हाक मिळाली.

आता ती 15 वर्षांची आहे. तिचं नाव मी लिहीत नाही, ते सांगायचं की नाही हे ती ठरवेल. ओठावर एक बारीक रेघ आहे, लपवत नाही. दर शनिवारी चायनीज शाळेत जाते, हट्टाने, मी कधी पाठवलं नाही. 5 सप्टेंबर 2024 ला तुमच्या सरकारने सांगितलं की नातेवाइकांतलं दत्तक सोडलं तर आता परदेशात मुलं द्यायची नाहीत. 1992 पासून दीड लाखाच्या वर मुलं बाहेर गेली, ते दार बंद झालं. लेक त्या संध्याकाळी गप्प होती, मग म्हणाली, जी तिथे आहेत त्यांना आयी आहे का? मी म्हटलं असणार. 2017 च्या नव्या कायद्यानंतर परदेशी संस्थांचं काम अवघड झालं, अनाथालयांत आता जी मुलं उरली आहेत ती बहुतेक अपंग किंवा मोठ्या आजाराची आहेत, म्हणजे प्रत्येकाला पाऊण पाऊण तास लागणारी. आम्ही वनस्कायला दरवर्षी जमेल तेवढं पाठवतो आणि पाठवत राहू.

तुमचं ते पान मी प्लास्टिकच्या कव्हरात ठेवलंय. गेल्या दिवाळीत लेकीने ते स्वतः वाचायला घेतलं, शब्द शोधत शोधत, दोन्ही बाजू. पेजेचं वाचलं, कानाचं वाचलं. मग तळाशी एक ओळ होती ती वाचून ती थांबली, ती आम्हाला गाइडने वाचून दाखवली नव्हती, का कोण जाणे, कदाचित तिलाही नसेल वाचवली. तुम्ही लिहिलं होतं, रात्री मला हाक मारेल, जवळ घ्या, दोन-चार दिवसांत विसरेल.

आयी, तेवीस रात्री लागल्या. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर मी खुणा करत होते, ते कॅलेंडरही तुमच्या पानाच्या मागेच ठेवलंय.

तुमची,
तिची आई