रविवारची बैठक : बोत्तिचेल्लीच्या सात विद्या
सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी दहाला नेहमीच्या जागी भेटू. या वेळी एकच चित्र घेणार आहोत : फ्लॉरेन्सजवळच्या व्हिला लेम्मीतलं, पंधराव्या शतकातला इटालियन चित्रकार बोत्तिचेल्ली याचं भित्तिचित्र. चुन्याच्या थराखाली दडलेलं हे चित्र १८७३ साली उजेडात आलं; आता ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

एका तरुणाला सात विद्यांच्या सभेत आणलं जातंय. या म्हणजे युरोपातल्या जुन्या शिक्षणातले सात विषय (व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत, खगोल), इथे स्त्रियांच्या रूपात रंगवलेले. त्याचा हात धरून नेणारी स्त्री म्हणजे व्याकरण, असं मानतात. शिक्षणाची सुरुवात भाषेपासून, हे किती हळुवारपणे दाखवलंय! तर्कविद्येच्या हाती मात्र विंचू आहे. तो का, याचा विचार करून या. चित्राची मोठी रंगीत प्रत मी आणतोय, कारण मोबाइलवर बारकावे निसटतात. कृपया वेळेवर या.